हाताशी आलेला पैसा : पेण-रोह्याच्या वाड्यांवरचा हिशेब

आषाढात लावणीला वेग आला की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या गावागावांत एक तक्रार ऐकू येते. "लावणीला माणसं मिळत नाहीत. सरकार घरबसल्या पैसे देतंय, मग चिखलात उतरणार कोण?" त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो. "बरं, दिलेले पैसे जातात कुठे? दारूच्या गुत्त्यावरच ना?" आणि तिसरा, जरा सहानुभूतीने विचारलेला. "दीड हजारात आजकाल होतं तरी काय?"

हे तीन प्रश्न शेजारी शेजारी ठेवले की एक विसंगती दिसते. पहिल्या प्रश्नात दीड हजार रुपये एवढे मोठे आहेत की माणसाने काम सोडावे. तिसऱ्या प्रश्नात तेच दीड हजार एवढे किरकोळ आहेत की त्यांनी काहीच होऊ नये. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. गरीब घरात रोख पैसा आला की नेमके काय बदलते, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

१. कोणाच्या खात्यात कोणता पैसा?

आधी शब्दाचा अर्थ पक्का करू. थेट रोख मदत म्हणजे धान्य, गणवेश, शिलाई मशीन अशी वस्तू न देता रक्कम देणे, आणि ती कशावर खर्च करायची हे कुटुंबावर सोपवणे. काही योजनांना अट असते. मेक्सिकोने १९९७ साली सुरू केलेल्या योजनेत मुले शाळेत गेली आणि आरोग्य तपासणी झाली तरच पैसे मिळत. काही योजनांत पात्रता ठरली की पुढे खर्चाची अट नसते.

आपल्याकडे सरकारी मदत थेट खात्यात जमा करण्याची पद्धत १ जानेवारी २०१३ पासून सुरू झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये जनधन योजना आली आणि ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांचीही खाती उघडली गेली. आज रायगडमधल्या एखाद्या गावात अशा पैशाचे अनेक ओघ दिसतात. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांत निराधारांना आणि वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ज्याच्या नावावर शेतजमीन आहे त्याला पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० मिळतात. आणि जुलै २०२४ पासून 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेत २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या महिलांना महिन्याला १,५०० रुपये. ही योजना राबवणाऱ्या महिला व बालविकास खात्याच्या मंत्री अदिती तटकरे याच जिल्ह्यातल्या आहेत.

या यादीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शेतकऱ्यासाठीचा पैसा सातबाऱ्यामागे चालतो. २०११ च्या जनगणनेनुसार रायगडची साधारण ११.६ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. त्यांत कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेली जमात मोठ्या संख्येने आहे, आणि बहुतेक कातकरी कुटुंबांकडे स्वतःच्या नावावर शेतजमीन नाही. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे त्याला वर्षाला बारा हजार मिळू शकतात. त्याच्या बांधावर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला त्या दोन योजनांतून काहीही मिळत नाही. बारा हजार मिळाले म्हणून शेतकऱ्याने शेती सोडली, असे कोणी म्हणत नाही. तोच विश्वास मजुरावरही दाखवायला हवा.

२. कमाई किती, यापेक्षा कमाई कधी

गरिबी म्हणजे कमी उत्पन्न, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. उरलेला अर्धा भाग समजायला पेणचाच पाऊस आठवावा. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाऊस चार महिन्यांत पडून जातो, आणि पाणी लागते बारा महिने. मधली साठवण नसेल तर वर्षाची सरासरी कितीही मोठी असली तरी मे महिन्यात घागर रिकामीच.

कातकरी वाडीवरच्या घराची कमाई अशीच असते. जून-जुलैत लावणीची मजुरी मिळते. पावसाळ्यात बायका शेवळं, कवळा, टाकळा अशा रानभाज्या, खेकडे आणि मासळी पेणच्या किंवा रोह्याच्या बाजारात विकतात. लावणी संपली की कापणीपर्यंत कामाचा खडखडाट. श्रावण-भाद्रपदात डबा तळाला लागतो, मुले तापाने फणफणतात आणि नेमके गौरी-गणपती येतात. कापणी उरकली की दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

सरकारला हे माहीत नव्हते असे नाही. आदिवासींना पावसाळ्यात उपास पडू नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज दिले जाई. ती योजना मध्यंतरी बंद पडली आणि २०२० साली, कोरोनाच्या काळात, एका वर्षासाठी अनुदान म्हणून पुन्हा आली. कुटुंबाला ४,००० रुपये, त्यांतले २,००० रोख आणि २,००० चे कडधान्य, तेल, मीठ-मसाला वगैरे. एकाच योजनेत रोख आणि वस्तू अर्धी-अर्धी, हा एक बोलका प्रसंग होता. वस्तूंसाठी खरेदी, निविदा, गोदाम, वाहतूक असा लांबलचक प्रवास लागतो. रोख रक्कम एका आदेशाने खात्यात पडते. भुकेला तारीख असते. ती चुकवून आलेली मदत पोट भरते, पण त्या आधीच घेतलेले कर्ज फेडत नाही.

३. उचल कशी महाग पडते

ते कर्ज कोणते? भाद्रपदात भट्टीचा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. कुणी तिला बयाणा म्हणतात. कागद नसतो, तारण नसते, व्याजाचा उल्लेखही नसतो. तारण असते ते येणाऱ्या हंगामातल्या श्रमाचे. व्याज न दिसणारी ही रक्कम किती महाग पडते ते एका हिशेबाने पाहू. यातले आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

नवरा-बायको मिळून हंगामात एक लाख विटा पाडतात असे धरू. भाद्रपदात त्यांनी २०,००० रुपये उचल घेतली. उचल घेतलेल्या जोडीला हजार विटांना ७०० रुपये मिळतात. उचल न घेता हंगामात थेट भट्टीवर गेलेली जोडी ९०० मागू शकते.

उचल घेतली तर हंगामाची मजुरी ७०,०००. त्यातून उचलीचे २०,००० वळते. दर आठवड्याला मिळणारी १,५०० ची खर्ची, २४ आठवड्यांची ३६,०००, तीही वळती. अवकाळी पावसात भिजलेल्या विटांचे ६,००० कापले. हातात आले ८,०००.

उचल घेतली नाही तर मजुरी ९०,०००. खर्ची आणि कपात तेवढीच धरली तर हातात ४८,०००. पावसाळ्याच्या खर्चाचे २०,००० दुसरीकडून भागवले असे मानून तेही वजा केले तरी २८,००० उरतात.

फरक २०,००० चा. म्हणजे काही महिन्यांसाठी घेतलेल्या २०,००० ची किंमत आणखी २०,०००. ती व्याज म्हणून कुठे लिहिली जात नाही, दर हजार विटांमागच्या २०० रुपयांत ती मुरलेली असते. आणि हातात आठच हजार घेऊन जूनला परतलेल्या घराला पुढच्या भाद्रपदात पुन्हा मुकादमाची वाट पाहावी लागते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पण ज्याला 'नाही' म्हणणे परवडत नाही, त्याचा होकार पूर्ण मोकळा नसतो. रायगडमध्ये उल्का महाजन यांच्या सर्वहारा जनआंदोलनासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षे आदिवासींच्या जमिनीचा आणि हक्कांचा प्रश्न धरून ठेवला, त्याचे मूळ या हतबलतेत आहे.

४. दीड हजार नेमके कुठे लागतात

आता त्याच घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याला १,५०० येऊ लागले. वर्षाचे १८,०००. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे ६,०००. पावसाळ्याची गरज २०,००० ची असेल तर उचल २० वरून १४ हजारांवर येते. तिने उरलेल्या महिन्यांत बचत गटात दरमहा ५०० टाकले, तर आठ महिन्यांचे आणखी ४,००० आणि उचल १० हजारांवर. गरज संपली नाही, पण निम्मी झाली.

निम्म्या उचलीने दोन गोष्टी होतात. ती हंगामात लवकर फिटते, आणि मुकादमाशी बोलताना आवाजाला धार येते. "सातशेला येणार नाही, आठशे दे" असे म्हणता येते. शंभर रुपये वाढले तर लाख विटांमागे १०,००० वाढतात. खात्यातल्या पैशाने स्वतःच्या आकड्यापेक्षा मोठे काम केले ते असे. लावणीला माणसे मिळत नसल्याची तक्रार या बाजूनेही समजून घ्यावी. मजूर आळशी झाला असेल असे नाही. कदाचित पहिल्यांदाच तो मिळेल त्या दराला हो म्हणायला बांधलेला नाही.

पैसा बाईच्या नावाने येतो, यालाही अर्थ आहे. डॉक्टरकडे जाण्यासाठी रिक्षाचे भाडे, पोराची वही, घरातले तेल यांसाठी दरवेळी नवऱ्यापुढे किंवा दुकानदाराच्या उधारीच्या वहीपुढे हात पसरावा लागत नाही. रक्कम लहान असली तरी ती कोणाला विचारून खर्च करायची नाही, हा बदल लहान नाही. अर्थात खाते तिचे आणि एटीएम कार्ड दुसऱ्याच्या खिशात, असेही होते. म्हणून खाते तिच्या नावे असण्याइतकेच ते तिच्या हातात असणे महत्त्वाचे आहे.

५. दारू आणि आळस

सुरुवातीचे पहिले दोन प्रश्न आता तपासू. ते जगभर विचारले गेले आहेत, आणि त्यांची उत्तरे मोजूनही पाहिली गेली आहेत.

मोजण्याची रीत सोपी आहे. सारख्या परिस्थितीतली गावे निवडायची, काहींना पैसे द्यायचे, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना करायची. आपल्याला जवळचे उदाहरण मध्य प्रदेशचे. २०११ ते २०१३ दरम्यान 'सेवा' या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने इंदूर भागातल्या आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली. सुरुवातीला प्रौढाला २०० आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५०. एका आदिवासी गावातही स्वतंत्र प्रयोग झाला. तुलनेसाठी पैसे न मिळालेली गावे होतीच. पैसे मिळालेल्या गावांत मुलांचे पोषण सुधारले, विशेषतः मुलींचे. शाळेवरचा खर्च वाढला, कर्जाचा भार हलका झाला. आदिवासी गावात लोक दुसऱ्याच्या मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात जास्त वेळ देऊ लागले. दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या जागतिक बँकेच्या अभ्यासकांनाही दारू-तंबाखूच्या बाबतीत हेच दिसले. आणि मुंबईत जन्मलेले, २०१९ साली नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी सहकाऱ्यांसह सहा देशांतल्या सात रोख योजनांची आकडेवारी तपासली, तेव्हा पैसे मिळाले म्हणून लोकांनी काम कमी केल्याचा पुरावा मिळाला नाही.

याचा अर्थ कोणीच पैसे उडवत नाही असा नाही. पिणारा माणूस पैसे येण्याआधीही पीत होता आणि नंतरही पितो. गावातल्या एका माणसाकडे बोट दाखवून शंभर घरांबद्दल निकाल देता येत नाही, एवढेच या मोजणीतून शिकायचे.

६. दरमहा की एकरकमी?

महिन्याला १,५०० द्यावेत की वर्षाचे १८,००० एकदम? दोन्ही रकमा सारख्या, पण त्यांची कामे वेगळी. दरमहा येणारा पैसा ताटातले अन्न आणि औषध सांभाळतो. एकरकमी पैशातून शेळ्या, जाळे, छपराचे पत्रे किंवा दुकानाचा पहिला माल घेता येतो. दरमहा दीड हजार घेऊन शेळी घ्यायची तर आधी साठवावे लागते, आणि साठवलेला पैसा घरातले पहिले आजारपण खाऊन टाकते.

केनियात गिव्हडायरेक्टली या संस्थेच्या मदतीने मोठा प्रयोग झाला. काही गावांना दरमहा थोडी, तर काहींना एकरकमी मोठी रक्कम मिळाली. एकरकमी मिळालेल्या लोकांनी छोटे धंदे जास्त काढले. दरमहाचे पैसे मिळणार असलेल्या, पण अनेक वर्षांची खात्री असलेल्या गावांतही चांगली प्रगती दिसली. तिथल्या बायाबापड्यांनी आपापसात भिशीसारखी व्यवस्था लावून महिन्याच्या पैशाची एकरक्कम करून घेतली. आपल्याकडच्या बचत गटातल्या बाईला हे सांगायला केनियापर्यंत जायला नको.

केनियाच्याच सियाया भागातल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. साडेदहा हजारांहून अधिक कुटुंबांना मोठी रक्कम दिल्यावर तिथल्या स्थानिक अर्थव्यवहारात दर रुपयामागे अडीच रुपयांच्या आसपास भर पडली, आणि भाव मात्र जेमतेम वाढले. कारण गरीब घराचा पैसा जवळच्याच दुकानात, गवंड्याकडे, शिंप्याकडे जातो. नागोठण्याच्या, कोलाडच्या, पेणच्या बाजारात वाडीवरच्या बाईने खर्चलेला पैसा दुकानदाराच्या गल्ल्यात येतो आणि तिथून हमालाच्या हातात. ही मदत एका घरापुरती राहत नाही.

७. खात्यापासून हातापर्यंत

पैसा खात्यात पडला म्हणजे हातात आला असे नाही. डोंगरउतारावरच्या वाडीतून बँकेपर्यंत जायला अर्धा दिवस, एसटीचे किंवा रिक्षाचे भाडे आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी लागते. ३०० रुपये मजुरी बुडाली आणि १०० रुपये भाडे गेले, तर १,५०० चे ११०० झाले. गावात फिरून अंगठ्यावर पैसे देणारा बँकेचा प्रतिनिधी किंवा पोस्टमन आला, तर हेच ४०० वाचतात.

दुसरी अडचण कागदांची. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरे. जन्माचा दाखला नाही. विटा थापून आणि चिखलात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र ठसा ओळखत नाही. भट्टीवर सहा महिने बाहेर असलेल्या कुटुंबाची पडताळणीची मुदत निघून जाते. ज्यांना पैशाची गरज सर्वांत जास्त, त्यांचेच कागद सर्वांत कच्चे, हा या पद्धतीचा मोठा दोष आहे.

तिसरी अडचण विश्वासाची. पेणकरांना हे वेगळे सांगायला नको. २०१० साली पेण अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, पुढे तिचा परवाना रद्द झाला, आणि दोन लाखांच्या घरातले ठेवीदार आपल्याच पैशासाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. ज्या गावाने हे पाहिले, तिथे "पैसे आले की लगेच काढून आणा" हे शहाणपण ठरते. लोक बचत करत नाहीत असे म्हणण्याआधी, बचत सुरक्षित राहील याची खात्री त्यांना कोणी दिली, हे विचारले पाहिजे.

८. पैसा जिथे अडतो

आता रोख मदतीची मर्यादा. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात कातकरींसारख्या जमातींना पक्क्या घरासाठी दोन लाख रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. पैसा मंजूर होऊ शकतो. पण घर बांधायचे कुठे? अनेक कातकरी वाड्या पिढ्यान्‌पिढ्या खासगी मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. घर त्यांचे, खालची जमीन दुसऱ्याची. मुंबईला जवळ असलेल्या या तालुक्यांत जमिनीचे भाव चढले, तशी ही अडचण धोक्यात बदलली. घराखालची गुंठाभर जमीन नावावर नसेल तर दोन लाखांच्या विटा रचता येत नाहीत.

जमिनीचा प्रश्न या मातीला नवा नाही. विनोबा भावे १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. १९५१ साली तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली आणि भूदान चळवळ उभी राहिली. भुकेल्या माणसाने तेव्हा भाकरीच्या आधी जमीन मागितली होती. रोख रक्कम जमिनीची, सरकारी दवाखान्याची किंवा आश्रमशाळेतल्या शिक्षकाची जागा घेऊ शकत नाही. हे सगळे असेल तर रोख पैशाला बळ येते, आणि नसेल तर पैसा खासगी डॉक्टरच्या फीमध्ये जिरतो.

दुसरी मर्यादा महागाईची. १,५०० हा आकडा तसाच ठेवला आणि महागाई दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर पाच वर्षांनी त्यांची खरेदीची ताकद आजच्या १,१७५ रुपयांएवढी राहते. योजना तीच दिसते, पण घरात येणारे तेल आणि डाळ कमी होते.

९. योजना कशी जोखावी

एवढे समजल्यावर कोणतीही रोख योजना, कोणत्याही सरकारची असो, चार प्रश्नांनी तपासता येते.

पैसा ठरलेल्या तारखेला येतो का? लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये एकत्र आले, निवडणुकीच्या आधीही दोन महिन्यांचे एकदम जमा झाले. दोन हप्ते एकत्र आले की आनंद होतो, पण दुकानदाराला "पाच तारखेला देते" असे सांगणे खात्रीच्या तारखेवरच जमते.

सर्वांत गरीब घर आत आहे का? पात्र नसलेल्यांना बाहेर काढणाऱ्या पडताळणीइतकीच, वगळल्या गेलेल्यांना आत आणणारी मोहीमही हवी. तीही वाडीवर जाऊन आणि लोक घरी असताना, म्हणजे पावसाळ्यात.

रक्कम महागाईबरोबर वाढते का?

आणि शेवटचा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : या पैशामुळे उचल कमी झाली का? कातकरी वाड्यांवर पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने किंवा ग्रामपंचायतीने दर दिवाळीला एवढेच नोंदवले, की किती घरांनी उचल घेतली आणि किती रुपयांची घेतली, तरी रोख मदत कामी येते की नाही ते लख्ख दिसेल. किती कोटी वाटले, हा आकडा देणाऱ्याचा आहे. घेणाऱ्याचा आकडा उचलीचा आहे. तो दरवर्षी खाली येत राहिला पाहिजे, आणि योजना राबवणाऱ्यांना आपण याच आकड्याचा जाब विचारला पाहिजे.